खाडीपलीकडची मुंबई
मुंबईचा नकाशा समोर ठेवला की तिच्या वाहतुकीचे कोडे उलगडते. अरबी समुद्र आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या भूमीवर वाढलेल्या या शहराचे लोहमार्ग प्रामुख्याने उत्तर-दक्षिण धावणार, हे भूगोलानेच ठरवून टाकले होते. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वेही ठाण्यालाच गेली. १९९२ मध्ये खाडीवरच्या पुलावरून मानखुर्द ते वाशी लोकल सुरू झाली आणि माझ्या मते नवी मुंबई खऱ्या अर्थाने तेव्हाच जोडली गेली. ओहोटीच्या वेळी त्या पुलावर गाडीचा आवाज बदलतो आणि खाली उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाचा पट्टा दिसतो. शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतू २०२४ मध्ये खुला झाला, पण त्यावर लोहमार्ग नाही, ही उणीव मला मनापासून खटकते.