मागचं चाक आधी

"जाड टायर घेऊ का? की चाकंच बदलू? असं काही सांगा की डोंगरात नेलं तरी वर्षभर बघायला नको." ठाण्यात, नवी मुंबईत माउंटन बाइक घेतलेली मंडळी कधी ना कधी मला हे विचारतातच. रस्त्यात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते: पैसे मागच्या चाकावर घाला, आणि त्यातही रिमच्या नावापेक्षा ते चाक नीट बांधून घेण्यावर घाला. टायर त्यानंतर.

आपली जमीन कशी आहे ते आधी बघू, कारण टायरच्या जाहिरातीतली मऊ काळी माती आपल्याकडे नाही. आपला डोंगर बेसॉल्टचा. ओढ्यातला दगड तेवढा गुळगुळीत, बाकी सगळा फुटलेला आणि धारेचा. पारसिकच्या रांगेत दगडखाणी होत्या, त्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर खडीच्या कपच्या पसरलेल्या असतात. खारघरच्या टेकडीवर दिवाळीनंतर मुरूम सुटा होतो आणि कडक जमिनीवर भुरभुरत राहतो. पावसाळ्यात त्याच दगडांवर शेवाळ चढतं. वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या, बोरी, बाभळी. आणि हे सगळं गाठायला आधी डांबरी रस्ता तुडवावा लागतो. घोडबंदर रोडच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरांतून सुटलेल्या पोलादी तारा पडलेल्या असतात, टाचणीहून बारीक. डोंगरातल्या काट्यांपेक्षा मला त्यांची जास्त धास्ती वाटते. आणखी एक गोष्ट: येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. वन खात्याने जिथे मनाई केली आहे तिथे चाक घालू नका, टायर कितीही भारी असो.

आता चाक. चाक उभं असतं ते स्पोकांच्या ताणावर. प्रत्येक स्पोक रिमला हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडे, ओढून धरत असतो. तुमचं वजन पडलं की जमिनीजवळच्या मोजक्या स्पोकांचा ताण कमी होतो, चाक पुढे सरकलं की त्यांच्या शेजारच्यांचा. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोक एकदा थोडा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. मुळात ताण भरपूर असला तर त्याला काही होत नाही. मुळातच ढिला असला तर दगडावरून चाक गेलं की तो क्षणभर पूर्ण सुटतो. मग निपल, म्हणजे स्पोकला रिमशी आवळणारा छोटा नट, हळूहळू उलटा फिरत जातो, स्पोक आणखी ढिला होतो, आणि हबच्या कडेला जिथे तो वाकून भोकात जातो तिथे धातू थकत जातो. स्पोक बहुतेक वेळा तिथेच तुटतो. स्पोक जास्त आवळल्यामुळे तुटतात असं पुष्कळांना वाटतं आणि म्हणून ते ढिलेच ठेवतात. तुटायचं खरं कारण बहुतेकदा तो ढिलेपणाच असतो.

यात मागचं चाक जास्त भोगतं. वजन मागे जास्त पडतं हे एक झालं. दुसरं असं की उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि डावीकडचे तिरके. रिम मधोमध राहावं म्हणून उजवीकडे ताण जास्त आणि डावीकडे कमी ठेवावा लागतो. चांगल्या रिमवर उजव्या बाजूच्या स्पोकला साधारण 100 ते 120 किलो ताण चालतो. यंत्राने बांधलेली स्वस्त चाकं नवीन असताना दिसायला अगदी सरळ असतात, पण त्यांत हा ताण कमी असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे असमान असतो.

हे घरी तपासता येतं. सायकल उलटी करा आणि एकाच बाजूचे स्पोक एकेक करून बोटाने छेडा. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. एखादा खणखणीत आणि शेजारचा भद्द वाजला तर ते चाक सरळ दिसत असलं तरी फार दिवस टिकणार नाही. अशा वेळी मिस्त्रीकडे जाऊन नुसतं "आउट काढून द्या" म्हणू नका. त्याने फक्त डुलणाऱ्या जागेचा स्पोक पिळला जाईल आणि असमानपणा वाढेल. "काका, सगळ्या चाकाचा ताण सारखा करून द्या, वेळ लागला तरी चालेल," असं सांगा आणि त्या वेळेचे पैसे आनंदाने द्या. जाणता मिस्त्री काम झाल्यावर दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात आवळतो. स्पोक जागेवर बसावेत आणि पिळलेले असतील तर सुटावेत, म्हणून. हे करणारा माणूस सापडला की त्याला सोडू नका. नवीन सायकल घेतल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत हे काम करून घ्या. मला विचाराल तर याच्याइतका टिकाऊपणा त्या किमतीत दुसऱ्या कशातून मिळत नाही.

नवं चाकच बांधायचं झालं तर मी साधंच सांगेन: दुहेरी भिंतीचं ॲलॉय रिम, 32 भोकं, 2 मिलिमीटरचे स्टेनलेस स्पोक, प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या दुसऱ्या तीन स्पोकांना छेदून जाईल अशी विण आणि पितळी निपल. रिमची भिंत एकेरी की दुहेरी हे रिमची पट्टी काढून बघा. निपलचं डोकं थेट पट्टीखालीच लागलं तर एकेरी, खोल भोकात दिसलं तर दुहेरी. पितळी निपलचा आग्रह खाडीच्या हवेमुळे. लोखंडी निपल आपल्याकडे गंजतात, ॲल्युमिनियमचे रंगीत निपल जाम होऊन पिळताना तुटतात. डोकं वाकवलेले साधे स्पोकच घ्या, म्हणजे तुटला तर गल्लीतल्या दुकानातही जोड मिळतो. कार्बनच्या रिमांबद्दलही विचारणा होते. बेसॉल्टवर चालवायचं आणि खर्चाचाही विचार करायचा, तर माझा कौल ॲलॉयलाच. ते चेमटलं तरी बऱ्याचदा सरळ करून काम भागतं.

हबबद्दल एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. स्वस्त सायकलींत 7 गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे चकत्या आणि त्यांची मोकळी फिरणारी यंत्रणा एकत्र, हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. त्यात उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या आत, फ्रेमपासून लांब राहतात आणि आसाचा बराच भाग आधाराशिवाय लोंबकळतो. धक्के बसले की तो वाकतो, कधी मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये ती यंत्रणा हबचाच भाग असते आणि चकत्या तिच्यावर सरकवून बसवतात, त्यामुळे बेअरिंग थेट फ्रेमजवळ येतं आणि ही अडचण संपते. शिमानोने तसा हब 1978 मध्ये आणला. त्यामुळे उड्या मारायच्या असतील तर फ्रीव्हीलच्या हबवर महागडं रिम चढवू नका. हबमध्ये सुटे छर्रे असतील तर दर पावसाळ्यानंतर उघडून नवं ग्रीस भरून घ्या. बंद बेअरिंग असेल तर त्यावर 6902 असा काहीतरी नंबर कोरलेला असतो. तो दाखवला की यंत्रांची बेअरिंग विकणाऱ्या दुकानातही ते मिळतं. गाड्या धुण्याच्या दाबाच्या पाण्याने हब मात्र कधी धुऊ नका.

मग टायर. लोक नक्षीकडे बघतात, मी बाजूच्या भिंतीकडे बघते. आपल्याकडे टायर मरतो तो बहुधा बाजूने कापला जाऊन, वरचे रबरी उंचवटे शिल्लक असतानाच. मॅक्सिसच्या टायरवर 'एक्सो', श्वाल्बेवर 'सुपर ट्रेल' असं लिहिलेलं असतं, ते या भिंतीच्या मजबुतीबद्दलच असतं. टीपीआयचा आकडा मोठा म्हणजे टायर मजबूत, असं दुकानात सांगतात. तो आकडा इंचात किती धागे बसले ते सांगतो. 120 मध्ये धागे बारीक, टायर हलका आणि लवचिक. 60 मध्ये धागे जाड आणि कापायला चिवट. आपल्या दगडांवर मागे 60 चा घ्या. रबरही दोन्हीकडे एकच नको. मऊ रबर ओल्या दगडाला धरून राहतं, पण घोडबंदरच्या डांबरावर भराभर झिजतं. म्हणून पुढे मऊ, मागे कडक. रुंदी 2.25 ते 2.4, अर्थात फ्रेममध्ये चिखलाला जागा उरत असेल तर.

टायर फाटायचं आणि रिम चेमटायचं अर्धं कारण हवा असते. पेट्रोल पंपावर अंदाजाने भरू नका, काटा असलेला स्वतःचा पंप घ्या. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने ट्यूब असेल तर मागे 30 ते 35 पीएसआयपासून सुरुवात करावी, पुढे तीन-चार कमी. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटली असं समजा आणि हवा वाढवा. दगडावर चाक टणाटण उडत असेल तर कमी करा.

ट्यूबलेस करावं का, असंही विचारतात. रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनलेले असतील तर जरूर करा, नसतील तर जुगाड नको. हवा पंचविशीपर्यंत खाली आणता येते आणि त्या पोलादी तारांची भोकं टायरमध्ये भरलेलं सीलंटचं द्रव आपोआप बुजवतं. फक्त आपल्या उष्म्यात ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघून भर घाला. बाजूने कापलेला टायर त्याने बुजत नाही. त्यासाठी पिशवीत एक ट्यूब आणि जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा ठेवा. तो कापलेल्या जागी आतून लावला की घरी पोहोचता येतं.

मागचा टायर आधी झिजेल. तेव्हा नवा टायर मागे घालू नका. पुढचा काढून मागे लावा आणि नवा पुढे घ्या. उतारावर वळताना पुढचं चाक सुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचं घसरलं तर बहुतेकदा मिळतो.