बाईंनी फळ्यावर लिहिलेलं नाव

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि विज्ञानाच्या बाईंखेरीज दुसऱ्या कशावर लिहावंसंच वाटेना. स्नेहसंमेलनं आणि सहली यांवर बाकीचे लिहितीलच.

जून २००१ मध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, बाईंनी नववीच्या फळ्यावर लिहिलं: न्कोसी जॉन्सन, दक्षिण आफ्रिका. हा मुलगा १ जूनला वारला होता, अवघ्या बाराव्या वर्षी. जन्मतःच त्याला एचआयव्हीची लागण होती. गेल जॉन्सन यांनी त्याला घरी आणून वाढवलं. १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्या मेलव्हिल भागातल्या प्राथमिक शाळेत नाव घालताना त्यांनी आजार लपवला नाही आणि पालकांत दोन तट पडले. न्कोसीला प्रवेश मिळाला, पण देशभर वाद गाजल्यावर. जुलै २००० मध्ये डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत तो अकरा वर्षांचा पोर हजारो लोकांपुढे बोलला. गरोदर मातांना सरकारनं औषध द्यावं, ही त्याची मागणी होती. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी भाषण संपण्याआधीच निघून गेले.

बाईंनी हळहळ व्यक्त केली नाही. त्यांनी औषधाचा हिशेब मांडला. युगांडात १९९९ मध्ये सिद्ध झालं होतं की कळा सुरू होताच आईला नेव्हिरापीन या एचआयव्हीवरच्या औषधाची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम दिलं, की बाळाला होणारी लागण जवळजवळ निम्मी होते. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं ते प्रत्येक प्रांतात दोनच ठिकाणी ठेवलं. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या तिथल्या रुग्णहक्क संघटनेनं दावा लावला आणि जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयानं हे बंधन उठवलं. पुढे या एका गोळीची मर्यादाही कळली: विषाणू तिला लवकर दाद देईनासा होतो आणि अंगावरच्या दुधातून धोका उरतोच. म्हणून आता आईला तीन औषधं मिळून एक गोळी, रोज, आयुष्यभर. अशी औषधं स्वस्त व्हायला आपल्या मुंबईच्या सिपला या औषध कंपनीचा मोठा हातभार लागला. फेब्रुवारी २००१ मध्ये सिपलाचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी एका रुग्णाचे वर्षाचे उपचार ३५० डॉलरना देऊ केले, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजारांच्या घरात होता.

खो-खोच्या सरावात एका मुलीचा गुडघा खांबाला घासून फुटला, तो प्रसंगही त्याच पावसाळ्यातला. हातमोजे नव्हते. बाईंनी भोक नसलेली प्लास्टिकची पिशवी हातात चढवली, जखम धुतली, पट्टी बांधली. भोवतीच्या मुलींना वाटलं, हिला काही आजार आहे की काय. बाई म्हणाल्या, "कुणाचंही रक्त असो, मी हेच करणार. चेहऱ्यावरून काही कळत नसतं." मग फरशीवरचं रक्त आधी कापसानं टिपलं आणि त्यावर ब्लीचचं, म्हणजे क्लोरीनवाल्या जंतुनाशकाचं, पाणी ओतून दहा मिनिटं तसंच ठेवलं. प्रमाण एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी. रक्त न टिपता ओतलं तर क्लोरीन त्या रक्तातच खर्ची पडतं. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही, आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी ते मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

आज एचआयव्ही समुपदेशन केंद्रात रोज हेच समजावून सांगताना तोंडी बाईंचीच वाक्यं येतात. त्यांच्याइतकं सरळ बोलणारं शिक्षक-प्रशिक्षणातही कुणी भेटलं नाही. २००७ मध्ये राज्यातल्या शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद झालं, याचं फार वाईट वाटतं. २०१७ च्या कायद्यानं एचआयव्ही असलेल्या मुलाला शाळेत भेदभावापासून संरक्षण दिलं, पण कायदा आहे हे कित्येक शिक्षकांना ठाऊकच नसतं.

महोत्सव निधीतून नवी कमान उभी राहते आहे, तीही हवीच. त्याबरोबर प्रत्येक मजल्यावर एक प्रथमोपचार पेटी ठेवावी, ही विनंती. तिच्यात वापरून टाकायचे लॅटेक्सचे हातमोजे, दोन जोड मोठे आणि दोन मध्यम. रक्तानं भिजलेलं उचलायला जाड रबरी मोजे. पाणी न शिरणाऱ्या पट्ट्या, कापूस, गॉज, कात्री आणि ब्लीचची बाटली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या शालेय धोरणातली यादी जवळपास हीच आहे. ब्लीच उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि दर सत्राला ते बदलावं. पेट्यांचा खर्च आमची २००३ ची दहावीची तुकडी उचलेल. फक्त पेटीवर बाईंचं नाव घालू द्यावं.