‘आठ आणे फरक’ म्हणजे पेन स्कोर किती?

ऑपरेशननंतर ‘आता दुखत नाही ना?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नाही सिस्टर, बरंय.’ शेजारी सासूबाई बसल्या असतील तर नक्कीच. चार्टवर पेन स्कोर, म्हणजे दुखण्याचा आकडा, शून्य चढतो आणि रात्री २ वाजता नातेवाईक नर्सिंग स्टेशनवर धावत येतो. त्यापेक्षा ‘कुठं दुखतंय, एका बोटानं दाखवा’ इथून सुरुवात करावी. मग आकडा: ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही.

खेड्यातल्या आजी-आजोबांना हा शून्य ते दहाचा हिशोब पटकन जमत नाही. ते रुपया-आण्यांत बोलतात. ‘आठ आणे फरक हाय’ ऐकलं की नवी सिस्टर ५ लिहून टाकते, आणि चूक इथंच होते. आठ आणे म्हणजे निम्मं दुखणं गेलं. आधी ८ असेल तर आता साधारण ४. आधीचा आकडाच लिहिलेला नसेल तर या आठ आण्यांचं करायचं काय? अशा वेळी ‘आता किती आणे दुखणं उरलंय?’ असा उलटा प्रश्न विचारावा. सोळा आणे म्हणजे १०, बारा आणे म्हणजे ७-८.

आकड्याशेजारी पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहावा, आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. ठणका म्हटलं की जखमेत पू झालाय का ते बघा. थांबून थांबून कळ येत असेल तर मूतखडा, पित्ताशय किंवा आतडं. पायाची आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं ही नसांची भाषा, मधुमेह्यांकडून हमखास ऐकू येते. ‘छातीत आवळल्यासारखं’ म्हणणाऱ्याला आकडा विचारत बसू नका, आधी ईसीजी. या सगळ्याऐवजी चार्टवर नुसतं ‘पेन प्रेझेंट’ (दुखतंय) लिहिलं की राउंडला येणाऱ्या डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त पडल्या पडल्या विचारणं. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट निपचित पडला असेल तर २ सांगेल. त्याला खोकायला लावा, कुशीवर वळवा. तेव्हा ७ असेल तर तो खोल श्वास घेणार नाही, कफ साठेल, न्यूमोनियाची भीती. नोंद अशी हवी:

१०.१५ – टाक्यांच्या जागी ठणका. पडून ३, खोकताना ७. ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, १०.२० ते १०.३५. ११.०५ – पडून १, खोकताना ४. श्वास मिनिटाला १६, जागा, नीट बोलतोय.

ही ११.०५ ची ओळच बहुतेक चार्टवर गायब असते. शिरेतून दिलं तर अर्ध्या तासात, गोळी दिली तर तासाभरात परत विचारायचं. मॉर्फिनसारख्या जोरदार वेदनाशामकानंतर तर श्वास पूर्ण १ मिनिट मोजायचा (१५ सेकंदांना चारनं गुणणं नको) आणि गुंगीही लिहायची, कारण श्वास मंदावण्याआधी सहसा गुंगी वाढते. वाक्य अर्ध्यावर सोडून डोळे मिटणारा पेशंट ‘शांत झोपला’ म्हणून सोडून देऊ नये.

बोलता न येणाऱ्यांसाठी वेगळे तक्ते आहेत. लहान मुलांसाठी फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २ गुण. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी सीपॉट, त्यात एकूण ८ पैकी गुण. नाडी आणि बीपी नॉर्मल आहे म्हणून दुखत नसेल, हा तर्क दोन्हीकडे चालत नाही.

आणि प्लास्टर घातलेल्या हातापायाचं दुखणं औषध देऊनही वाढतच असेल, बोटं हलकेच ताणली तरी पेशंट किंचाळत असेल, तर पुढचा डोस भरण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आत स्नायूंवर दाब वाढत असू शकतो. नाडी लागतेय म्हणून थांबू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. फोनची वेळही चार्टवर लिहा.