सहाव्या ग्रीनवरची बैठक

गवत सांभाळणाऱ्यांचीही संघटना असते, हे सांगितलं की पेडण्याला माझ्या घरी अजून हसतात. आमची भातशेती. शेतात हरळी दिसली की बाबा ती मुळासकट उपटून बांधावर फेकतात, आणि चतुर्थीला तिच्याच कोवळ्या दूर्वा गणपतीला वाहतात. मी पगार घेतो तो त्याच हरळीच्या भावकीतल्या गवताला न्हाऊमाखू घालण्याचा. आमच्या गोल्फ मैदानाच्या ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, टिफड्वार्फ हे मूळ आपली हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतली बारीक पानांची एक जात यांच्या संकरातून आलेलं. ते रोज पहाटे चार मिलिमीटरवर कापायचं, पावसाळ्यात जरा वाढू द्यायचं. चार मिलिमीटरवर जगणाऱ्या गवताला दुखणी किती होतात, ते आमचं आम्हाला ठाऊक.

दुखणं दाखवायला शेजारी नसतो, ही खरी पंचाईत. गोव्यात गोल्फची मैदानं बोटांवर मोजण्याइतकी. काजूवर डाग पडला तर कृषी खात्यात जाता येतं, ग्रीनवर पडला तर कुठे जाणार? म्हणून मुंबई, पुणे, बेळगाव आणि गोवा इथली आम्ही मैदानवाली मंडळी वर्षातून एक-दोनदा कुणाच्या तरी मैदानावर जमतो. ही कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत १९२६ साली ओहायोतल्या टोलेडो गावी साठ ग्रीनकीपर जमले आणि त्यातून त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आमचा कारभार त्या मानाने घरगुती: चहा, दोन-तीन सादरीकरणं, जेवण, मैदानावर फेरी, शेवटी सगळ्यांचा फोटो.

त्या वर्षी ऑक्टोबरातली बैठक आमच्याकडे होती. आमचं मैदान म्हणजे दक्षिण गोव्यात खाडीकाठी, एका रिसॉर्टच्या आवारातलं नऊ होलचं. सोमवार, म्हणजे खेळ बंद. कोजागिरी नुकतीच झालेली, पाऊस परतीच्या वाटेवर. रिसॉर्टच्या जीएम (जनरल मॅनेजर) साहेबांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, "पाहुण्यांना एक, दोन आणि तीन नंबर दाखव. सहाकडे कुणी फिरकायला नको."

सहा नंबरचं ग्रीन खाडीला सगळ्यात जवळचं. जूनपासून तिथे गवत विरळ होत गेलं होतं, मधल्या मोकळ्या जागांत हिरवंकाळं शेवाळ धरलं होतं, आणि सकाळी पाय ठेवला की बुटाच्या कडेने पाणी वर यायचं. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: खालचं पाणी निघत नाहीये, खणून बघू या. पण खणायचं कुठे? मैदान बांधणाऱ्याने दिलेले निचऱ्याचे नकाशे मध्येच कधीतरी गहाळ झालेले. वरून उत्तर यायचं की खणकाम सीझन संपल्यावर बघू, तोवर फवारणी चालू ठेव. फवारणीला मंजुरी लगेच मिळते, कारण तिचं बिल येतं. खणण्याला नुसती माती निघते.

सकाळच्या सत्रात एका बुरशीनाशक कंपनीचा प्रतिनिधी बोलायला उभा राहिला. माणूस गोड, चहाचा खर्चही त्याच्याच कंपनीचा. चौथ्या-पाचव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'पिथियम' (मुळं कुजवणारा रोग) आणि खाली रोगट ग्रीनचा फोटो. मागच्या कोपऱ्यात आमचा वाकडा माड स्पष्ट दिसत होता. ते माझंच सहा नंबर होतं! पावसाळ्यात कधीतरी येऊन त्याने फोटो काढून नेला होता. मी काही बोललो नाही. पण शेजारी बसलेले पुण्याचे सर माझ्याकडे बघून हसले. त्यांनी आयुष्य ग्रीनवर काढलं, आता निवृत्त आहेत, बैठक मात्र चुकवत नाहीत. हळूच म्हणाले, "जेवण झालं की तिकडेच ने रे. चांगली ग्रीनं काय, मी घरी बसून फोटोत बघेन."

मीही तेच ठरवलं होतं. वीसेक जाणती माणसं घरी आली आहेत आणि त्यांना ठणठणीत पोरं दाखवायची, आजारी पोर आतल्या खोलीत कोंडायचं, हे मला पटत नव्हतं.

तीनच्या सुमारास सगळे सहा नंबरवर पोहोचलो. पहिली दहा मिनिटं जो तो आपलं निदान सांगत होता. मुंबईचा म्हणाला, बुरशीच. दुसरा म्हणाला, सूत्रकृमी. मुळं धुऊन बघा. कुणाला खाऱ्या पाण्याचा संशय. आमच्या धंद्यात प्रत्येकाला आपल्या मैदानावर झालेला रोगच सगळीकडे दिसतो. सर मात्र काही न बोलता गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "होल कटर आण."

होल कटर म्हणजे आम्ही रोज नवी भोकं पाडायला वापरतो ते नळीसारखं पातं. होलचा व्यास जगभर एकच, १०८ मिलिमीटर. एरवी एकदाच उतरवून कप बसवतो. सरांनी त्याच भोकात दुसऱ्यांदा कटर उतरवला आणि मातीचा गड्डा वर काढून गोणपाटावर आडवा ठेवला. वरचा दोन इंचाचा भाग वाळूच्या रंगाचा, मुळं सगळी तेवढ्यातच गोळा झालेली. त्याखाली सुरीने कापावी तशी सरळ रेघ, आणि रेघेखाली काळा थर. काजळाइतका काळा. बेळगावच्या तरुण सुपरिंटेंडेंटने तो चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि झटक्यात मान फिरवली.

"वास बघा की ओ सर, कुजलेली अंडी!"

एकाएकी सगळ्यांची निदानं थांबली. काळा थर पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. असा ताजा, ओला, हातात आलेला क्वचितच. वाळूत पाणी तुंबलं की हवा संपते. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. अंड्याचा वास त्याचा. तो वायू लोहाशी जुळला की काळं लोह सल्फाइड तयार होतं. मुळं तिथे गुदमरतात आणि वर, जिथे थोडी हवा आहे तिथे, गर्दी करतात. सल्फेट कुठून आलं, हे शोधायला लांब जायला नको होतं. खाडीच्या पाण्यात ते असतंच, आणि आमच्याकडे नत्रासाठी अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं पडत होतं. म्हणजे जिवाणूंना दोन्हीकडून जेवण. गड्डा उन्हात तसाच ठेवला होता. हवा लागली तशी त्याच्या कडा बघता बघता फिक्या पडू लागल्या. ते बघायला प्रतिनिधीही वाकला होता.

सरांनी बादलीभर पाणी मागवलं आणि भोक काठोकाठ भरलं. चांगल्या ग्रीनखाली बारा इंच वाळूचं मिश्रण असतं, त्याखाली चार इंच खडी, आणि खडीत भोकं पाडलेले पाइप. नियमाप्रमाणे अशा वाळूतून तासाला निदान सहा इंच पाणी उतरलं पाहिजे. आम्ही सावलीत जाऊन चहा घेतला, गप्पा झाल्या, परत आलो. भोकातलं पाणी होतं तिथेच होतं.

"वाळू बंद पडलीय की पाइप?" सरांनी विचारलं. "पाइपाचं तोंड कुठे उघडतं?"

हाच प्रश्न मी महिनोन्महिने वर पाठवत होतो. मी आमच्या मुकादमांकडे बघितलं. काणकोणचा माणूस, मैदानावर माझ्या आधीपासूनचा, बोलायला कमी. इतकी साहेब मंडळी बघून मागेच उभा होता. मी कोकणीत विचारलं, आधी या बाजूला खाडीत कुठला पाइप उघडायचा काय? तो म्हणाला, "आसलो मरे. थंय कुर्ल्यो मेळटाल्यो." पाइपाच्या तोंडाशी म्हणे खेकडे बसायचे आणि पोरं संध्याकाळी ते धरायला जायची. मग लॉनसाठी भिंत झाली, पाइप भिंतीमागे गेला, खेकडे गेले.

भिंत म्हणजे खाडीच्या बाजूने बांधलेली जांभ्या चिऱ्यांची संरक्षक भिंत. वर लग्नसमारंभाचं लॉन. बांधणाऱ्या ठेकेदाराने पाइपाचं तोंड बघितलंच नाही की बघूनही बुजवलं, देव जाणे. माझ्या मते बघून. पाइप वाढवून भिंतीबाहेर काढायला दोन दिवस जास्त लागले असते.

आम्ही सगळे काठाने खाली उतरलो. पौर्णिमेनंतरची ओहोटी खोल जाते. चारच्या पुढे पाणी चांगलंच हटलं होतं आणि भिंतीचा पाया उघडा पडला होता. मुकादमांनी दाखवलेल्या जागी दोन चिऱ्यांच्या सांध्यातून तांबूस, तेलकट दिसणारा ओघळ झिरपत होता. मी बांधकामवाल्या विभागाला फोन लावला. त्यांचा माणूस आला, बघितलं, आणि एक चिरा काढायला हरकत नाही म्हणाला. बेळगावच्या पोराने आणि मुकादमांनी मिळून पहार लावली.

चिरा सुटला आणि आधी नुसता वास आला. मग भसकन काळं पाणी. गाळ, मुळांचे गुंते, शेवाळ, सगळं एकदम. पहिल्या धारेत बेळगावच्या पोराचे पांढरे बूट गेले. आमचा पुण्याचा एक सहकारी, जो एरवी बैठकीत पेंगतो, तो मोबाइल उंच धरून "आलं आलं" ओरडत होता. शिकलेसवरलेले लोक गटाराच्या तोंडाशी टाळ्या वाजवतायत, असं ते दृश्य. सर वरच थांबले होते. त्यांनी हाक मारून सांगितलं, "अरे, भोकातलं पाणी उतरायला लागलं!"

अडचण एवढीच की वर लॉनवर संध्याकाळच्या रिसेप्शनची तयारी चालली होती. पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या, फुलांची कमान, बँडवाले ट्रंपेट पुसत बसलेले. वास तिथे पोहोचला आणि पाठोपाठ जीएम साहेब इथे पोहोचले. त्यांनी भिंतीतलं भोक बघितलं, वीस चिखलाळलेले पाहुणे बघितले, मग मला बघितलं.

"सहा नंबर?"

"होय सर."

"आजच?"

मी काही म्हणायच्या आत पुण्याचे सर वरून उतरले. त्यांनी हातातला गड्डा साहेबांच्या नाकासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हे तुमच्या ग्रीनखाली होतं. याच्यावर तुम्ही औषध मारत होता." जीएमनी गड्ड्यापासून मान मागे घेतली. रागावले होते, पण हिशेबाचा माणूस. विचारलं, "पावसाळ्यात फवारणीवर किती गेले?" आकडा मी सांगितला. तो इथे लिहीत नाही. थोडा वेळ ते प्रतिनिधीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सहा वाजेपर्यंत वास गेला पाहिजे." तो जाण्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं, समुद्रावरचा वारा सुटला आणि त्याने सगळं खाडीपलीकडे नेलं. नवरा-नवरी आली तेव्हा लॉनवर फक्त फुलांचा वास होता, असं बँडवाल्यांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

संध्याकाळी सादरीकरणाचं शेवटचं सत्र होतं, ते झालंच नाही. सगळे पार्किंगमध्ये नळाखाली पाय धूत पुढे काय करायचं ते ठरवत बसले. भिंतीतून नवा पाइप बाहेर काढायचा, आणि त्याच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायची, म्हणजे भरतीचं पाणी आत शिरणार नाही. ही युक्ती मुकादमांना समजावायची गरज पडली नाही. आपल्या खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनींच्या, बांधातल्या मानशी (फळीची दारं) हेच तर करतात: भरती आली की फळी आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, आत भात आणि मासळी दोन्ही सुखरूप. आमच्या पूर्वजांनी लाकडाच्या फळीवर जे भागवलं, ते आम्ही रबरी झडप मागवून केलं.

बाकीचं काम कंटाळवाणं होतं आणि हिवाळाभर चाललं. पोकळ सुळ्यांनी भोकं पाडायची, निघालेली माती उचलायची, भोकांत वाळू भरायची, पुन्हा तेच. (गोव्यात वाळू मिळवण्याची कथा वेगळीच आहे, ती इथे नको.) अमोनियम सल्फेट बंद, त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट. कापणीची उंची वाढवली, तर पाहुणे खेळाडू कुरकुरले की चेंडू पळत नाही. कुरकुरू दे म्हटलं. फेब्रुवारीपर्यंत मुळं चार इंचांवर गेली होती. मी दर पंधरवड्याला एक गड्डा काढून फोटो सरांना पाठवायचो, आणि त्यांचं उत्तर एका शब्दाचं यायचं: "अजून." मार्चमध्ये एकदा "बरं" आलं.

एक बदल त्या दिवसानंतर झाला. पुढची बैठक ज्याच्याकडे ठरली, त्याने निमंत्रणातच लिहिलं की माझं आठ नंबर बघायला या, बुटांची दुसरी जोडी आणा. ती ओळ बेळगावकरासाठी होती हे सगळ्यांना कळलं.

बुरशीनाशकाचा प्रतिनिधी त्याही बैठकीला आला. चहा त्याच्याच कंपनीचा. चौथ्या-पाचव्या स्लाइडवर तोच फोटो, कोपऱ्यात तोच वाकडा माड. फक्त मथळा बदललेला: 'निचऱ्याच्या समस्येवर खात्रीशीर उपाय', आणि खाली वीस लिटरचा कॅन.