रिमोट एचएफ स्टेशन, टप्पा दुसरा: रिग ट्रान्समिटमध्ये अडकली तर?

नेटवरून लांबून चालवायच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) हॅम रेडिओ स्टेशनची मांडणी: आयकॉम 7300 ही रिग (रेडिओ संच), शेजारी रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्यावर रिग लांबून चालवणाऱ्या डब्ल्यूएफव्ह्यू या प्रोग्रॅमचा सर्व्हर. नेट 4जी राउटरचं. सीजीनॅटमुळे (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते) पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी, म्हणून छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा. पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक संदेश) 25 सेकंद हवाच. नाहीतर थोडा वेळ काही हालचाल नसली की नॅटमधली नोंद पुसली जाते आणि बाहेरून स्टेशन गाठता येत नाही. ऑडिओ ओपसमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेला. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो पीसीएमला (न दाबलेल्या ऑडिओला) एका दिशेला 768 केबीपीएस लागतात; 4जीच्या अपलोडवर तो हट्ट नको.

ऐकणं इथवर जमतं. खरी मेहनत ट्रान्समिट हमखास बंद करण्यात आहे.

पहिली गोष्ट, रिगच्या कनेक्टर्स मेनूतलं यूएसबी सेंड 'ऑफ' ठेवा. तिथे आरटीएस किंवा डीटीआर (सीरियल पोर्टच्या संकेत-लाइन्स) निवडलेलं असेल, तर लिनक्स पोर्ट उघडताना त्या लाइन्स वर करतं आणि पाय रीबूट झाला की रिग आपोआप ट्रान्समिट करू लागते. पीटीटी (ट्रान्समिट सुरू-बंद करण्याचा संकेत) फक्त सीआय-व्हीच्या, म्हणजे आयकॉमच्या संगणक-नियंत्रण भाषेतल्या, आज्ञेने द्यायचा.

दुसरा घोळ आरएफचा. एंड-फेड (एका टोकाला जोडलेल्या) अँटेनाचा कॉमन-मोड करंट, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा नको असलेला आरएफ प्रवाह, यूएसबी केबलवर आला की ऐन ट्रान्समिटमध्ये यूएसबी तुटते, आणि 'बंद कर' ही आज्ञा रिगपर्यंत पोचतच नाही. परत जोडणी झाली तरी पोर्टचं लिनक्समधलं नाव टीटीवाययूएसबी0 चं टीटीवाययूएसबी1 झालेलं असतं. उपाय: कोअॅक्स (अँटेनाची केबल) शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) शिरते तिथे आणि यूएसबी केबलवर 31 मटेरियलचे फेराइट, बसतील तेवढे वेढे, पोर्टचं नाव बाय-आयडीच्या (न बदलणाऱ्या) पत्त्याने. चाचणी 10 वॅटवर नको, ज्या पॉवरवर काम करणार त्याच पॉवरवर, प्रत्येक बँडवर.

तिसरं, रिगमधला सीआय-व्हीचा टाइम-आउट टायमर 3 मिनिटांवर. यापेक्षा कमी ठेवता येत नाही, म्हणून तो शेवटून दुसरा आधार समजा. त्याआधी पायवरची स्क्रिप्ट बोगद्यातून ऑपरेटरच्या लॅपटॉपला दर सेकंदाला पिंग करते. सलग 5 चुकले की डब्ल्यूएफव्ह्यूमधल्याच रिगसीटीएल सर्व्हरला 'टी 0' (ट्रान्समिट बंद) ही आज्ञा धाडते. स्क्रिप्टने सीरियल पोर्ट स्वतंत्र उघडू नये, दोन प्रोग्रॅम भांडतात.

शेवटचा आधार 13.8 व्होल्टच्या लाइनमधला गाडीचा 40 अँपिअर रिले, नॉर्मली ओपन संपर्कावर. पूर्ण पॉवरला रिग 21 अँपिअरपर्यंत ओढते, त्यामुळे निळ्या चिनी बोर्डावरचे 10 अँपिअरचे रिले इथे चालणार नाहीत. कॉइल पायच्या पिनवर थेट जोडू नका. मॉसफेट आणि उलटा डायोड लागतोच. पायची वीज गेली की रिगचीही जाते, हेच हवं आहे.

एफटी8 या डिजिटल मोडसाठी ऑडिओ ऑपरेटरच्या लॅपटॉपवर आणू नये. त्याचा प्रोग्रॅम डब्ल्यूएसजेटी-एक्स पायवरच चालवा, घड्याळ क्रोनीने (वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने) जुळवा, फक्त स्क्रीन व्हीएनसीने बघा; नाहीतर नेटचा उशीर थेट डीटीमध्ये (वेळेतल्या फरकात) जमा होतो.

पुढचं काम पावसाळ्याआधीचं: कोअॅक्स रिगपासून तोडून अर्थिंगला जोडणारा रिले.