कुंझुमच्या अलीकडे जळालेला क्लच, काझात उघडलेला गिअरबॉक्स

मनालीहून पहाटे चारला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. पुढचं सगळं या साडेतीन तासांनी केलं, म्हणून सुरुवात तिथून.

मनालीहून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जाताना ग्राम्फू ते बातल हा टप्पा सगळ्यांत खडतर. अटल बोगद्यातून बाहेर पडलो, कोकसरवरून ग्राम्फूला लागलो, आणि छत्रूनंतर रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटेच. वरच्या हिमनद्यांचं पाणी नाल्यांमधून थेट रस्त्यावर येतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी ऊन चढलं की दुपारी गुडघ्याच्या वर जातं. ऊन चढायच्या आत हे नाले ओलांडायचे, हा तिथला साधा नियम. आम्ही मोठ्या नाल्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. महिना जुलै.

गाडी माझी जुनी पेट्रोल जिप्सी, १.३ लिटरची. सोबत मामेभाऊ. मी फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा), दुसऱ्या गिअरवर पाण्यात घातली. मध्यावर पुढच्या चाकाखाली धोंडा आला आणि गाडी अडकली. मी हाफ क्लच (पेडल अर्धवट दाबून) धरून रेस देत राहिलो. भाऊ पाण्यात उतरून चाकं बघत होता. तो ओरडला, "दादा, थांब, जळका वास येतोय!" पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, म्हणून मी थांबलो नाही. गाडी निघाली, पण निघेपर्यंत क्लच प्लेट जळाली होती.

इथे काय करायला हवं होतं ते आता नीट सांगतो. पाण्यात उतरण्याआधीच फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर), पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) हायचं गुणोत्तर १.४०९ आणि लोचं २.२६८ आहे. म्हणजे लोमध्ये चाकाला तोच जोर द्यायला क्लचवर हायच्या तुलनेत सुमारे ६२ टक्केच ताण येतो. गाडी अडकली तर इंजिन बंद करावं, धोंडा हाताने काढावा, नाहीतर मागच्या गाडीला दोर लावून ओढून घ्यावं. माझ्या गाडीला क्लच न दाबताही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) लागतो. त्यामुळे फोर लोच्या पहिल्या गिअरमध्ये नुसत्या सेल्फवर ती हातभर पुढे सरकते. नव्या बऱ्याच गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. तुमची गाडी कशी आहे ते घरीच तपासून घ्या.

रात्र बातलच्या ढाब्यावर काढली. सकाळी हायमध्ये चढावर रेस वाढायची, वेग वाढायचा नाही. प्लेट घसरत होती. फोर लोमध्ये मात्र पहिल्या गिअरवर गाडी धरत होती, म्हणून तशीच हळूहळू कुंझुम खिंडीत चढवली. वर माता मंदिराला गाडीसह प्रदक्षिणा घातली, जशी तिथे सगळेच घालतात. हात जोडताना मनात गाडीच होती.

खरी मोठी चूक त्यानंतरची. लोसरच्या उतारावर खाडकन आवाज झाला आणि क्लच सुटेनासा झाला. क्लच प्लेटवरच्या जळालेल्या लायनिंगचा तुकडा निघून प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनाचं जड चाक) मध्ये अडकला होता, हे नंतर कळलं. त्या वेळी मी पेडल पार फळीपर्यंत दाबून दुसरा गिअर जोर लावून घातला. कर्र कर्र करत पडला. पुन्हा तसाच, पुन्हा तसाच. क्लचचं नुकसान पाण्यात झालं; गिअरबॉक्सचं नुकसान मी या उतारावर केलं. क्लच सुटत नसताना सिंक्रो रिंगवर (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) सगळा भार येतो, आणि ती पितळी असते. तिथेच थांबलो असतो तर एका दिवसाच्या कामात सुटलो असतो.

लोसरच्या चेकपोस्टजवळ एका पिकअपवाल्याने पट्टा लावून आम्हाला स्पितीतल्या काझा गावापर्यंत आणलं. हे अंतर साठेक किलोमीटर. काझात दुरुस्तीचं छोटं गॅरेज मिळालं. उस्ताद पन्नाशीचे, जोडीला एक पोरगा. त्यांनी गाडीखाली जाण्याआधी मला एकच विचारलं: न्यूट्रलला आवाज यायचा का? यायचा. घरून निघतानाच बारीक गुणगुण होती आणि क्लच दाबला की ती थांबायची. मी महिनाभर तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ते म्हणाले, मग इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा) बेअरिंगही गेलंय. ही खूण लक्षात ठेवा: क्लच सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर बहुधा गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. दाबल्यावर सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं.

जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगवेगळे असतात, मध्ये आखूड शाफ्ट. त्यामुळे ट्रान्सफर केस न हलवता गिअरबॉक्स खाली येतो. बॅटरीची वायर काढली, वरून गिअर लिव्हर काढला, ऑइल सोडलं. शाफ्टच्या फ्लँजवर पंचने खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसतो आणि थरथर होत नाही. मग क्लचची केबल, सेल्फ, बेलहाउसिंगचे (क्लचवरचं आवरण) बोल्ट, खालचा आडवा आधार. घोड्या लावून, दोघांनी धरून बॉक्स पोटावर उतरवला. ऑइल दुधाळ होतं, म्हणजे पाणी शिरलं होतं. तळाला पितळेचा चुरा सोन्यासारखा चमकत होता. मॅग्नेटवर राखाडी लेप असला तर घाबरायचं कारण नाही, तेवढी झीज होतेच. कडा असलेले तुकडे निघाले तर बॉक्स उघडल्याशिवाय पर्याय नाही. आमच्यात दुसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगचे दात गुळगुळीत झाले होते. गिअरचे दात मात्र शाबूत.

सुटे भाग मनालीहून शेअर जीपने यायला दोन दिवस लागले. तेवढ्यात उस्तादांनी फ्लायव्हील काढून पाहिलं. निळे डाग होते, रिव्हेटचे चरे होते, खोल तडा नव्हता. लेथ नसल्यामुळे सपाट ठोकळ्याला एमरी पेपर लावून तासभर घासलं. तडे नखाला अडकत असते तर फ्लायव्हील बदलावंच लागलं असतं.

नवी प्लेट मध्यावर बसवणं हे सगळ्यांत नाजूक काम. प्लेटच्या मधल्या खाचा आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (शाफ्टचं टोक धरणारं) एका रेषेत आले नाहीत तर शाफ्ट आत जातच नाही. उस्तादांनी लाकडाची खुंटी तासली, टेप गुंडाळून जाडी जुळवली आणि तिच्यावर प्लेट बसवून प्रेशर प्लेट आळीपाळीने समोरासमोरचे बोल्ट आवळत बसवली. बॉक्स चढवताना त्यांनी मला दोनदा दटावलं: बॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, आणि शेवटचं बोटभर अंतर बोल्टने ओढून बुजवायचं नाही. आत जात नसेल तर बाहेर काढायचा, मागचा फ्लँज किंचित फिरवायचा, परत घालायचा. आमचा तिसऱ्या खेपेला गेला. इतका स्वच्छ आवाज आला की पोरगा हसला.

शेवटी केबल अशी लावली की पेडलला दोनेक सेंटीमीटर मोकळी चाल राहील. ऑइल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. काझाच्या दुकानात जीएल-५ सहज मिळत होतं, पण पितळी सिंक्रोसाठी उस्तादांनी ते घालू दिलं नाही. जीएल-४ मनालीच्याच जीपमधून मागवलं.

तुम्ही जाणार असाल तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग, क्लचची केबल आणि दोन लिटर गिअर ऑइल गाडीत ठेवा. सगळं मिळून एका पिशवीत मावतं. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइलही नाल्यानंतर बघा. गिअरबॉक्सच्या ब्रीदरला (हवा जाण्या-येण्याचं भोक) नळी लावून ती बॉनेटखाली उंच बांधा. मी आता बांधली आहे.

परतताना कुंझुमकडे वळलोच नाही. ताबो, नाको, रिकाँग पिओ असे किन्नौरमधून शिमल्याला उतरलो. नवी प्लेट बसेपर्यंत पहिले ५०० किलोमीटर हाफ क्लच नाही, जोराची रेस नाही. घरी आल्यावर हजार किलोमीटरला ऑइल पुन्हा बदललं, स्वच्छ निघालं. दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. ती लाकडी खुंटी उस्तादांनी मला दिली, ती अजून टूलबॉक्समध्ये आहे. पुण्याच्या आसपास कुणाकडे १.३ जिप्सी असेल तर मापं घ्यायला जरूर या.