एलडीचं सर्टिफिकेट: फाइल कुठे अडते आणि का

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता: बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं. तिच्या सर्टिफिकेटसाठी पाठवलेली फाइल रुग्णालयातून परत आली की मी सगळ्यात आधी फाइलीत ऑडिओमेट्रीचा, म्हणजे किती ऐकू येतं त्या तपासणीचा, कागद शोधते. बहुतेक वेळा तो नसतो, किंवा असतो आणि फार जुना असतो. मी विशेष शिक्षिका आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या फाइली तयार करणं, पालकांना तपासणीपर्यंत नेणं आणि दहावीला सवलतींसाठी मंडळाची परवानगी हातात पडेपर्यंत पाठपुरावा करणं हे माझं काम. ही प्रक्रिया मुळात अवघड नाही. ती एकाच टप्प्यावर अडते आणि तिथे मुलांची वर्षं जातात, याचा मला मनापासून राग आहे. म्हणून हे लिहिते आहे.

शाळेतला भाग पटकन उरकतो. एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही चाळणीसूची आहे, म्हणजे कोणत्या मुलाला पुढच्या तपासणीची गरज आहे हे ओळखायची प्रश्नावली, अॅपवरही आहे. तिचा पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसऱ्या भागात विशेष शिक्षक येतात. केंद्र सरकारच्या ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (मार्च २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या) ही चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यातलं जे आधी येईल तेव्हा व्हायला हवी होती, आणि त्यासाठी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी होती. प्रत्यक्षात बरीच नावं माझ्याकडे नववीत येतात, दहावीचा पेपर समोर दिसायला लागल्यावर. तोपर्यंत ‘आळशी आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘घरी कोणी अभ्यास घेत नाही’ एवढ्यावर भागवलेलं असतं.

फाइलीत वह्यांची पानं लावताना एक गोष्ट सांभाळा. फळ्यावरून उतरवलेली वही कामाची नाही, ती बिनचूक असते. श्रुतलेखन, स्वतःच्या मनाने लिहिलेली उत्तरं, निबंध, आणि तारीख घातलेली पानं हवीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बाजूला ठेवा, त्या अर्ध्या वर्गाच्या होतात. पण एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला आहे, उकार पुढच्या अक्षराला लागला आहे, जोडाक्षरातलं अर्धं अक्षर दर वेळी गळतं आहे, पाचवी-सहावीतही भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल होते आहे, अशी पानं नक्की लावा. गणितात हातचा विसरणं नेहमीचं. ४०२ ऐवजी ४००२ लिहिणं किंवा उभ्या मांडणीत एकक-दशक सरकणं याची पानं लावा. मुलाला विचारून त्याने तोंडी दिलेलं उत्तर त्याच पानाखाली शिक्षकांनी लिहून ठेवलं, तर समोरच्या तज्ज्ञाला फरक लगेच दिसतो.

आता रुग्णालय. सर्टिफिकेट मिळतं ते अधिकृत सरकारी केंद्रातूनच. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल कितीही चांगला असला तरी मंडळाच्या सवलतीसाठी तो पुरत नाही, आणि हे पालकांना पैसे खर्च झाल्यावर कळतं. सरकारी तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी बालरोगतज्ज्ञ, डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या, आणि शेवटी वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यासह समितीच्या सह्या. ज्या केंद्रात माझ्या मुलांच्या फाइली जातात तिथे हे विभाग वेगवेगळ्या वारी बसतात. एका विभागाचा कागद नसला तर पुढचा विभाग फाइल उघडत नाही, आणि काय राहिलं हे लिहून देत नाही. तोंडी सांगतात, ‘कागद पुरे करून या.’ रोजंदारीवर जाणारे आईवडील मजुरी बुडवून पुन्हा त्याच रांगेत येतात. खिडकीवर चार ओळींचा छापील कागद लावला तर यातला निम्मा त्रास संपेल. तो कागद मी स्वतः तयार करून दिला आहे, लावलेला नाही.

कानाची तपासणी आधी का, तर कमी ऐकू येणाऱ्या मुलाचं शुद्धलेखन आणि वाचन एलडीसारखंच दिसू शकतं. इथे दोन गोष्टी हमखास नडतात. कानात मळ असेल तर ऑडिओमेट्री पुढे ढकलली जाते, म्हणून कान आधी तपासून आणि साफ करून घ्या. तेल किंवा काडी घालून घरी खटपट नको. दुसरं म्हणजे सर्दी. पडद्यामागे पाणी साचलेलं असेल तर तात्पुरतं कमी ऐकू येतं, आलेखात श्रवणदोष दिसतो आणि फाइल तिथेच थांबते. पावसाळ्यात सर्दी-ताप अंगावर असलेल्या मुलाला ऑडिओमेट्रीला नेऊ नका, पूर्ण बरं झाल्यावर न्या. डोळ्यांचं तसंच: चष्मा असेल तर तो घालून तपासणी झाली पाहिजे आणि कागदावर तसं लिहिलेलं पाहिजे.

बुद्ध्यांकाची चाचणी हा खरा नाजूक भाग. २०१८ च्या सूचनांत मिसिक किंवा विस्क या मुलांच्या बुद्ध्यांकाच्या प्रमाणित चाचण्यांपैकी एक सांगितली होती. बुद्ध्यांक ८५ च्या वर आला तरच पुढच्या चाचण्या होतात. ७० च्या खाली आला तर बौद्धिक अक्षमतेचा वेगळा मार्ग आहे. मधल्या ७० ते ८४ च्या पट्ट्यातलं मूल कुठेच बसत नाही: दाखला नाही, सवलत नाही आणि वाचता तर येत नाही. या मुलांसाठी मी रुग्णालयात भांडत नाही, तिथे काही हाती लागत नाही. त्यांचं काम वर्गात करावं लागतं, त्याबद्दल पुढे सांगते.

या आकड्याला एवढं महत्त्व आहे, म्हणून चाचणीच्या दिवशी मूल कसं आहे हे फार मोजावं लागतं. चाचणी बरीच लांबते. पहाटेची एसटी पकडून, उपाशीपोटी, तीन तास बाकावर बसून आत गेलेल्या मुलाचा आकडा त्याचा खरा आकडा नसतो. डबा आणि पाणी सोबत ठेवा. शक्य असेल तर आदल्या रात्रीच गावात पोहोचा. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) औषध चालू असेल तर ते त्या दिवशी घ्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि ‘आज तुझी परीक्षा आहे, नीट दे’ असं मुलाला बजावू नका. कोडी आणि प्रश्न असतील, येतील तेवढी सोडव, एवढंच सांगा. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाला कोणत्या भाषेत सूचना द्यायच्या, हे पालकांनी आत जाण्याआधी स्पष्ट सांगावं. भाषेमुळे शाब्दिक भागाचे गुण घसरतात आणि एकूण आकडा खाली येतो.

खासगीत आधीच चाचणी झाली असेल तर तो अहवाल लपवू नका. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा घेतली की सरावाने गुण फुगतात, म्हणून मागची तारीख तज्ज्ञाला कळायलाच हवी. ती नंतर उघड झाली तर पूर्ण तपासणीच बाजूला पडते.

आणि आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो ते. अध्ययन अक्षमता ठरवायला बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वापरतात. तिचे दोन स्तर आहेत, पहिला ५ ते ७ वर्षांसाठी आणि दुसरा ८ ते १२ वर्षांसाठी. म्हणजे वाचन, श्रुतलेखन, आकलन, गणित हे सगळं सातवीपर्यंतच्या पातळीचं. मूल आपल्या इयत्तेच्या दोन पायऱ्या मागे आहे का, हे त्यात पाहतात. पंधरा वर्षांचा नववीतला मुलगा अडखळत, अंदाजाने का होईना, सातवीचा उतारा पार करतो. त्याची खरी अडचण नववीच्या इतिहासाच्या लांब उत्तरात असते, तिथे ही चाचणी पोहोचत नाही. हाच मुलगा पाचवीत आला असता तर फरक स्वच्छ दिसला असता. उशिरा पाठवलेली फाइल नाकारली जाते ती अशी. पालकांना वाटतं डॉक्टरांनी नीट पाहिलं नाही. त्यांनी पाहिलेलं असतं, पण हातातली पट्टीच तिथे संपलेली असते.

मराठी माध्यमाच्या मुलांना पाठवण्याआधी मी ‘डाली’ची चाळणी वापरते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक असे चाळणीचे दोन भाग आहेत. तिच्यावर सर्टिफिकेट मिळत नाही, पण मराठी लिपीत मूल नेमकं कुठे अडतं ते कळतं आणि शाळेच्या पत्रात मोघम वाक्यांऐवजी ठोस निरीक्षणं लिहिता येतात.

जिल्ह्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं पद रिक्त असलं की सगळंच थांबतं. ‘पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर घेऊन परतू नका. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या, त्यात मुलाची इयत्ता, जन्मतारीख आणि मंडळाचा अर्ज कधी भरायचा आहे ते लिहा, आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच हातात असली की पुढची तारीख लेखी मागता येते, किंवा दुसऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवण्याची विनंती करता येते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या तपासणी शिबिरावर विसंबू नका. तिथे श्रवणयंत्र, तीनचाकी, कुबड्या यांची मापं घेतली जातात, ती शिबिरं त्यासाठी चांगली आहेत. पण एलडीची तपासणी गर्दीच्या एका दिवसात होत नाही.

हे सगळं चालू असताना वर्गात थांबायचं नाही. दाखला येईपर्यंत काहीच करता येत नाही, असं सांगणाऱ्या शाळा मी मान्य करत नाही. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि प्रात्यक्षिक ही साधनं आधीपासून आहेत, ती वापरायला कोणाच्या सहीची गरज नाही. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, पानावर दहाऐवजी चार गणितं देणं, अक्षर मोठं आणि ओळींत अंतर जास्त ठेवणं, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील टिपण देणं, सगळ्यांसमोर उभं करून वाचायला न लावणं. ७० ते ८४ च्या पट्ट्यातली मुलं यावरच तरतात. वैयक्तिक आराखड्यात ‘वाचन सुधारणे’ असं लिहू नका. ‘तीन महिन्यांत त्य, स्त, क्क असलेले २० शब्द मदतीशिवाय वाचेल’ असं लिहा, म्हणजे झालं की नाही हे पाहता येतं.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. त्याआधी शाळेचं जनरल रजिस्टर, आधार आणि शाळेने सरकारच्या यूडायस प्रणालीत केलेली नोंद यांत नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का ते पाहा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्याने अर्ज अडतो. अक्षमतेचं प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कार्डावर पांढरी पट्टी येते, ४० ते ८० च्या आत पिवळी, पुढे निळी. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा ४० टक्के आणि त्यावरच्यांसाठीच आहेत. दहावीच्या कोणत्या सवलतीला काय अट आहे ते मंडळाच्या चालू वर्षाच्या परिपत्रकात वाचा, शेजारच्या शाळेच्या सांगण्यावर जाऊ नका.

महाराष्ट्राने या मुलांना मंडळाच्या सवलती १९९६ पासून दिल्या, देशात फार लवकर. जादा वेळ तासाला २० मिनिटं मिळतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, आणि शाळेने विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवून परवानगी आणावी लागते. परीक्षेच्या अर्जात दिव्यांग प्रकाराचा रकाना भरायचा राहिला तर हातातलं सर्टिफिकेट नंतर दाखवून धावपळच होते, म्हणून शाळेने अर्ज पाठवण्याआधी त्याची प्रत बघायला मागा. गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि एक कार्यानुभव विषय हा पर्यायही सवलतींत राहिला आहे. तो घेण्याआधी मुलाशी बोला, कारण गणित लागणाऱ्या पुढच्या अभ्यासक्रमांचे रस्ते त्याने बंद होतात. ज्याचं वाचन कच्चं पण आकडेमोड पक्की आहे त्याने तो घेऊच नये.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं नसतं. उत्तर तोंडी सांगणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते नववीपासून शिकवावं लागतं: आधी मुद्दे, मग वाक्य, ‘नवीन ओळ’, ‘पूर्णविराम’, ‘आता आकृती’. खालच्या वर्गातल्या लेखनिकाला विज्ञानातले शब्द माहीत नसतात, म्हणून दोघांना एकत्र बसवून जुने पेपर सोडवून घ्या. भूमितीत ‘रेख एबी काढ, बिंदू बी वर काटकोन कर’ असं पायरीपायरीने सांगता यायला हवं. जादा वेळात स्वतः लिहिता येत असेल तर लेखनिक घेऊ नका. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पेपरात मूल जास्त मोकळं असतं, हे मी दरवर्षी पाहते.

एक राहिलं. लहानपणी मिळालेलं सर्टिफिकेट कायमचं नसतं. २०१८ च्या सूचनांप्रमाणे वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागत होती, आणि १८ व्या वर्षीचं आयुष्यभर चालत होतं. चौदावं वर्ष आठवी-नववीत येतं, तेव्हाच तारीख घेतली तर दहावीचा अर्ज बिनघोर भरता येतो. पुन्हा जाताना जुनी पूर्ण फाइल न्या, पहिल्या तपासणीतले आकडे आणि लहान वयातल्या वह्यांची पानं तज्ज्ञांना मोठ्या वयात फार उपयोगी पडतात. पोर्टलवर नूतनीकरणाचा वेगळा पर्याय आहे, तो वापरा आणि जुनाच यूडीआयडी क्रमांक टाका.